डिक्शनरीचे महिरपी कंस जातच नाहीत!

आजचा भाग छोटा आहे. परवा रात्री अकराला माझ्या मामेबहिणीचा फोन आला. फर्स्ट इयरला आहे, कोडिंग नुकतंच सुरू झालंय. म्हणाली, "ताई, मी ब्रँच बदलते. मला हे नाही जमणार."

प्रॉब्लेम काय, तर भाज्यांच्या दरांची डिक्शनरी. प्रत्येक भाजी वेगळ्या ओळीवर, पुढे तिचा भाव, एवढंच छापायचं होतं. हिने सरळ डिक्शनरी प्रिंट केली. आले महिरपी कंस, अवतरणचिन्हं, सगळं एका ओळीत. मग पठ्ठीने काय केलं? डिक्शनरीची स्ट्रिंग केली आणि रिप्लेस वापरून एकेक कंस उडवला, स्वल्पविरामाच्या जागी नवी ओळ घातली. पहिली टेस्ट पास! दुसऱ्या टेस्टमध्ये भाजीचं नाव होतं "मिरची, लवंगी". झालं, मिरचीचे दोन तुकडे.

हसू नका, मीही हेच केलं होतं.

तर मुद्दा असा, की ते कंस डिक्शनरीत नसतातच. आत फक्त की आणि व्हॅल्यूच्या जोड्या असतात. कंस-बिंस हे पायथन प्रोग्रामरला दाखवण्यापुरतं लावतं. जे आत नाहीच, ते पुसत काय बसायचं? जोड्या एकेक करून काढायच्या. फॉर भाजी कॉमा भाव इन दर डॉट आयटम्स, आणि आत प्रिंट. डॉट आयटम्स विसरलात तर नुसत्या कीज मिळतात, भाव गायब. क्रमाची काळजी नको, पायथन ३.७ पासून, म्हणजे २०१८ पासून, ज्या क्रमाने टाकलं त्याच क्रमाने निघतं. आमच्या लॅबमधल्या जुन्या पायथनमध्ये तो क्रम भलताच यायचा.

मग रकाने. अवतरणचिन्हाआधी एफ लावायचा, महिरपी कंसात व्हेरिएबल, कोलन, डावीकडे टोक असलेला बाण आणि १०. नाव दहा जागांत डावीकडून बसतं. भावाला उलटा बाण आणि ६. दोन दशांश स्थळं हवीत तर त्यापुढे पॉइंट टू एफ. (हो, नको ते कंस इथे आपणच लिहितो.)

टेस्ट पास झाल्या. रात्री एकला स्क्रीनशॉट आला. बाईंनी हौसेने नावं मराठीत टाकली होती आणि रकाने पार वाकडे! कारण "कांदा" आपल्याला दोन अक्षरं दिसतात, पण पायथन काना, अनुस्वार वेगळे मोजतं. लेन विचारा, ५ सांगेल. म्हणजे दहातल्या पाच जागा भरल्या असं समजून ते पाचच स्पेस देतं.

मी म्हटलं, भाव आधी छाप, नाव नंतर. आकडे सगळे सारख्या रुंदीचे, मागून नाव कितीही लांब येऊ दे. दोन मिनिटांत दुसरा स्क्रीनशॉट. ब्रँचचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.