कर्ण मोजला का?



"तू नक्की करतोस काय?" हा प्रश्न सकाळपासून चौथ्यांदा आला. सांगतो. मी जुनी घरं मोजतो आणि ती आज जशी उभी आहेत तसे त्यांचे नकाशे काढतो. दुरुस्ती असो, वाटणी असो की पाडकाम, आधी हा नकाशा लागतो. मूळ नकाशा बहुधा कुणाकडे नसतोच.

पहिल्याच कामात मी तोंडावर आपटलो. खोली 12 बाय 9 फूट, समोरासमोरच्या भिंती तंतोतंत सारख्या. मी खुशाल आयत काढला. त्या मापाने सुताराने जमिनीच्या फळ्या कापून आणल्या, तर एका कोपऱ्यात त्या भिंतीला अडल्या आणि दुसऱ्यात पाच इंचांची फट! मग कर्ण मोजले. दोन्ही 15 फूट यायला हवे होते. आले 15 फूट 4 इंच आणि 14 फूट 8 इंच. खोली समांतरभुज चौकोन होती. फळ्यांचे पैसे मी भरले. सर, हे तुम्ही आठवीत शिकवलं होतं. मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो.

गेल्या वर्षी 'ब' तुकडीतल्या आपल्या मित्राचा वाईचा वाडा मोजला. तुमच्यापैकी अनेकांनी तिथे काकूंच्या हातचं थालीपीठ खाल्लंय. वाडा पाडायचं ठरलं होतं. टेपचं शून्याचं टोक काकूंनी धरलं, दुसरं कुणाला धरू दिलं नाही. (लेझरचं यंत्र आहे माझ्याकडे. पण कोनाडे आणि फडताळं टेपनेच बरी मोजता येतात.) टेप न उचलता एकाच शून्यापासून दारं-खिडक्यांची मापं घेत गेलो, म्हणजे चुका साठत नाहीत. तरी आतल्या खोल्या आणि भिंतींच्या जाड्या मिळवल्यावर बाहेरच्या मापाला 2 फूट 8 इंच कमी पडत होते. दोनदा मोजलं. काकू हसल्या. "अरे, तिथे भिंतीतला जिना आहे. पोरं पडायची म्हणून ह्यांनी बुजवला."

खोल्यांची नावंही त्याच सांगत होत्या. कच्च्या नकाशात मी 'खोली क्र. 4' लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, "ती बाळंतिणीची खोली. तुझा मित्र तिथेच झाला." मी खोडून तसं लिहिलं. माजघर, देवघर, ओसरी, पडवी, सगळं त्यांच्या शब्दांत.

दिवाळीनंतर वाडा पाडला. काकू आज आल्या आहेत, दुसऱ्या रांगेत बसल्यात.

ते नकाशे मागच्या भिंतीवर लावलेत. विहिरीकडच्या दाराबद्दल काकूंचं आणि मित्राचं अजून एकमत नाही. तुम्ही तिथे खेळलेले आहात, जेवणाआधी बघून घ्या. शेजारी पेन्सिल ठेवली आहे.