आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: गॅरेजमध्ये झाकून ठेवलेली ती गाडी शेवटी चालली का? चालली. पण एकदा ती थांबायला हवी होती तेव्हा थांबेना. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

गाडी म्हणजे डॅटसन २४०झेड, १९७२ सालची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जपानमध्ये निस्सानने ही गाडी १९६९ मध्ये 'फेअरलेडी झेड' नावाने आणली. अमेरिकेत निस्सानचं काम बघत होते युटाका काटायामा. स्पोर्ट्स कारला हे नाव इथे चालायचं नाही असं त्यांचं मत, म्हणून इथल्या गाड्यांवर २४०झेड असा बिल्ला लागला. २४० म्हणजे २.४ लिटरचं इंजिन, सहा सिलिंडर एका ओळीत. दोन सीट, लांबलचक बॉनेट आणि सुरुवातीची किंमत साडेतीन हजार डॉलरच्या आसपास. त्या पैशात असं काही मिळत नव्हतं, त्यामुळे लोकांच्या तिच्यावर उड्या पडल्या.

मी राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. इथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. ते चाकांनी उडून गाडीच्या पोटाला लागतं आणि पत्रा खातं. या गाडीचा पत्रा मुळातच पातळ. विकणारा म्हणाला, "थोडा गंज आहे." गाडी अकरा वर्षं एका शेडमध्ये उभी होती. मी वाकून बघितल्यासारखं केलं आणि पैसे मोजले. प्रेमात पडलेला माणूस, काय सांगायचं!

घरी आणल्यावर मी पहिल्यांदा काय केलं असेल? इंजिन. कारण त्यात मजा आहे. पुढे आलेल्या २८०झेडएक्स या मॉडेलचं २.८ लिटरचं इंजिन त्याच घराण्यातलं, त्यामुळे फारशी कापाकापी न करता ते जुन्या जागी बसतं. भाड्याने क्रेन आणली, जुनं इंजिन काढून, तेल घालून, गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं. चार गिअरच्या जागी पाच गिअरचा बॉक्स आला. जुन्या पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्युटरऐवजी झेडएक्सचाच इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटर बसवला. या सगळ्यात दोन हिवाळे गेले. ज्या दिवशी ते सहा सिलिंडर एका सुरात बोलले, त्या दिवशी आमची बायकोसुद्धा चहा घेऊन गॅरेजच्या दारात उभी राहिली.

मुलगी तेव्हा चौदा वर्षांची. "बाबा, मला कधी नेणार?" रोजची भुणभुण. एका रविवारी नेलं. वॉचंगच्या टेकड्या आमच्यापासून जवळ आहेत. वर जाताना गाडी काय पळाली! येताना उतारावर पुढे लाल सिग्नल, पाय ब्रेकवर ठेवला, आणि पेडल खाली गेलं. जात राहिलं.

पोटात खड्डा पडतो म्हणतात ना, तसं झालं. हँडब्रेक ओढला तर त्याने अर्धवट धरलं. गिअर खाली टाकला, पेडल तळाशी दाबून धरलं. शेवटी पुढच्या डिस्कनी गाडी थांबवली, समोरच्या गाडीपासून हातभर अंतरावर. मुलगी काहीच बोलली नाही. घरी येईपर्यंत आम्ही दोघं गप्प. टो ट्रकच्या ड्रायव्हरने रेडिओ लावला होता, तेवढाच आवाज.

झालं काय होतं ते सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणी जुनी गाडी घेऊन बसला असाल तर उपयोग होईल. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की तो ओलावा सिलिंडर आतून गंजवतो आणि रबरी सील फाटतं. माझ्या मागच्या डाव्या चाकाचं सिलिंडर गेलं होतं, ऑइल ड्रमच्या आत सांडलं होतं. हँडब्रेकसुद्धा त्याच मागच्या ब्रेक शूंवर चालतो, मग तेलकट शू काय धरणार? पुढच्या आणि मागच्या ब्रेकची लाइन वेगळी असते म्हणून पुढचे वाचले, आणि आम्हीही. त्या चाकाच्या आतल्या बाजूला ओलसर डाग मला महिनाभर आधी दिसला होता. "बघू नंतर" म्हटलं होतं.

त्या आठवड्यात मी गाडी पूर्ण स्टँडवर घेतली. नुसत्या जॅकवर नाही हं, जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरायचं नाही. मुलीची सीट काढली, कार्पेट उचललं. फ्लोअरवर कंपनीने डांबरासारखा थर लावलेला असतो. त्यावर ड्राय आइस पसरायचा, थर कडक होतो, हातोडीने टक्कन उडतो. उडाला, आणि त्याच्यासोबत पत्राही. भोकातून गॅरेजची फरशी दिसली. ज्या फ्लोअरला माझ्या मुलीची सीट बोल्ट केली होती, तो फ्लोअर हा.

मग क्रम बदलला: आधी पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन. या गाडीला वेगळी चासी नाही, फ्लोअर आणि खालचे बीम हाच तिचा कणा. म्हणून कापण्याआधी दारांच्या चौकटीत आडवे रॉड टाकले, दारांच्या फटी मोजून भिंतीवर लिहून ठेवल्या, नाहीतर गाडी मधेच झुकते आणि दारं परत लागत नाहीत. नवा पत्रा सलग वेल्ड करायचा नाही. एक टाका इथे, एक लांब तिकडे, मधे थंड होऊ द्यायचं. नाहीतर पत्रा तापून वाकतो. माझे पहिले टाके इतके वाईट होते की मी ते ग्राइंडरने काढून पुन्हा घातले.

ब्रेकचं सगळं नवं घेतलं: मास्टर सिलिंडर, चाकांची सिलिंडरं, रबरी होज, लोखंडी पाइप. त्यातली हवा काढायला दोन माणसं लागतात. मी कुणाला बोलावू या विचारात होतो, तर मुलगी स्वतःच येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसली. मी गाडीखाली पाना घेऊन. "दाब." "दाबलं." "धरून ठेव." "धरलंय." मी निपल उघडायचो, बुडबुडे यायचे, बंद करायचो. "सोड." चारही चाकं झाली तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. ती म्हणाली, "बाबा, आता पेडल दगडासारखं लागतंय."

टेकडीवर परत कधी जायचं, हे मी तिला विचारलं नव्हतं. पुढच्या रविवारी तीच चप्पल घालून दारात उभी होती.

तर मंडळी, गाडी कुठलीही असो, तुमच्याकडचा तो ओलसर डाग आज बघा. पुढच्या भागात कार्ब्युरेटरबद्दल बोलू. तोपर्यंत सांभाळून चालवा.