वेबसाइटचा सातबारा

कुणी चुलीपुढे बसून, कुणी पापड लाटता लाटता ऐकत असाल. हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

गेल्या काही महिन्यांत बऱ्याच गटांकडून एकच प्रश्न येतोय, "ताई, आम्हाला वेबसाइट करायची आहे, कशात करू?" कुणाला गावातला मुलगा सांगतो वर्डप्रेसच घ्या. कुणाला फोनवरून कंपनीवाले हजारोंचं पॅकेज सांगतात आणि आजच पैसे भरा म्हणून घाई करतात. कुणी म्हणतं गुगलवर फुकटात होतं. बायका गोंधळतात आणि शेवटी जो जास्त गोड बोलतो त्याच्याकडे जातात.

आधी बघू, वेबसाइट लागते कधी. समजा सोलापूरकडचा एक गट आहे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करतो. प्रदर्शनात स्टॉल लावला, पुण्या-मुंबईच्या लोकांनी पाकिटं नेली. दोन महिन्यांनी चटणी संपली, परत हवी आहे. पाकिटावर अध्यक्ष वहिनींचा मोबाइल नंबर. वहिनींची मुदत संपली, दुसऱ्या अध्यक्ष झाल्या, वहिनींनी सिमही बदललं. गिऱ्हाइकाने दोनदा फोन लावला आणि सोडून दिला. असं गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून गटाचा एक कायमचा पत्ता हवा. वेबसाइटचं मुख्य काम तेच.

ज्यांचा माल अजून गावात आणि तालुक्याच्या बाजारातच जातो, त्यांनी मात्र वेबसाइटची घाई करू नये. व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप फुकट आहे. त्यात कॅटलॉग म्हणून सोय आहे, तिथे एकेका वस्तूचा फोटो, वजन आणि भाव टाकता येतो. पाचशेपर्यंत वस्तू मावतात, आपल्याला दहासुद्धा भरत नाहीत. एक वर्ष एवढंच नीट चालवा. फक्त नंबर गटासाठी वेगळा घ्या, कुणा एकीच्या घरचा नको.

आता ज्यांना वेबसाइट करायचीच आहे त्यांच्याशी बोलते. वेबसाइट म्हणजे एक वस्तू नाही, तीन गोष्टी असतात. पहिली म्हणजे नाव, त्याला डोमेन म्हणतात, ज्याच्या शेवटी डॉट कॉम किंवा डॉट इन असतं. दुसरी जागा, म्हणजे तुमची पानं आणि फोटो ज्या संगणकावर राहतात ती, तिला होस्टिंग म्हणतात. आणि तिसरं, पानं तयार करायचं साधन. कंपनीवाला तिन्ही एकत्र बांधून विकतो, म्हणून आपल्याला ते एकच वाटतं. सगळी चर्चा या तिसऱ्या गोष्टीवर होते, वर्डप्रेस की आणखी काही. माझं मत विचाराल तर साधन ही त्यातली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. ते उद्या बदलता येतं. नाव बदलता येत नाही, कारण ते तुमच्या पाकिटांवर छापलेलं असतं आणि गिऱ्हाइकाच्या लक्षात बसलेलं असतं.

जमीन कसते कोण आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं, यातला फरक बायकांना समजावून सांगायला नको. डोमेनचं तसंच आहे. ते ज्याच्या ईमेलवर आणि मोबाइलवर नोंदवलं, तो त्याचा धनी. आमच्या भागातल्या एका गटाला एका मुलाने वेबसाइट करून दिली. चांगली केली, पैसेही वाजवी घेतले. पण डोमेन घेताना खातं त्याने स्वतःचं वापरलं. पुढे तो नोकरीसाठी बाहेरगावी गेला, नंबर बदलला. वर्ष संपल्यावर नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली, कुणी पाहिली नाही, आणि वेबसाइट बंद पडली. मुलगा लबाड नव्हता. तरी हजार छापील पाकिटांवर बंद पत्ता राहिला. डोमेन विकत नसतं मिळत, वर्षाच्या कराराने मिळतं. वेळेवर पैसे भरले नाहीत तर काही दिवसांनी ते नाव मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं.

म्हणून काही ठरवायच्या आधी गटाच्या नावाने एक ईमेल काढा. त्याला गटाचा मोबाइल नंबर जोडा. डोमेन त्याच ईमेलवर, गटाच्या पैशाने घ्या. करून देणारा कुणीही असो, खातं तुमच्यासमोर बसून उघडायचं. डॉट इन नावाला वर्षाला साधारण काही शे ते हजाराच्या आसपास खर्च येतो. पहिल्या वर्षी फार स्वस्त दाखवतात, म्हणून दुसऱ्या वर्षीचा दर आधी विचारा. देवनागरीत डॉट भारत असंही नाव २०१४ पासून मिळतं. ऐकायला छान वाटतं, पण शहरातलं गिऱ्हाईक मोबाइलवर बहुतेक इंग्रजी अक्षरंच टाइप करतं, म्हणून पहिलं नाव डॉट इन किंवा डॉट कॉमच घ्या. नाव छोटं ठेवा. फोनवर एकदा सांगितलं की समोरच्याला लिहिता आलं पाहिजे.

नाव आपलं असल्याचा उपयोग काय, ते २०२४ मध्ये दिसलं. गुगलच्या नकाशावर दुकान नोंदवायची सोय आहे, गुगल बिझनेस प्रोफाइल. तिच्यासोबत पूर्वी एक साधी वेबसाइट फुकट बनवून मिळायची. त्या सगळ्या वेबसाइट गुगलने त्या वर्षीच्या मार्चमध्ये बंद केल्या. काही महिने जुन्या पत्त्यावरून लोकांना प्रोफाइलकडे पाठवलं जायचं, जूनमध्ये तेही थांबलं. नकाशावरची नोंद राहिली, ती आजही फुकट आहे आणि प्रत्येक गटाने करावी. पण ज्यांनी गुगलने दिलेला पत्ता पाकिटावर छापला होता, त्यांचा तो पत्ता गेला. ज्यांचं स्वतःचं डोमेन होतं त्यांनी दुसरीकडे पानं तयार केली, तेच नाव जोडलं आणि गिऱ्हाइकाला कळलंही नाही.

आता साधनं. नवख्या गटाला मी गुगल साइट्स सुचवते. फुकट आहे, जाहिराती नाहीत, जागेचे वेगळे पैसे नाहीत, आणि आपण घेतलेलं डोमेन त्याला जोडता येतं. अक्षर लिहायचं, फोटो ओढून ठेवायचा, झालं. दोन अडचणी आहेत. एक, बदल करायला संगणक लागतो, मोबाइलवर काम होत नाही. म्हणजे ग्रामपंचायतीचा, शाळेचा किंवा कुणाच्या लेकीचा लॅपटॉप. दुसरी, त्यात ऑनलाइन खरेदीची टोपली नाही. पण दिवसाला चार ऑर्डरी येणाऱ्या गटाला टोपली हवी कशाला? पानावर व्हॉट्सॲपचं बटण द्या. गिऱ्हाईक दाबेल, तुमच्याशी बोलेल, पैसे यूपीआयने पाठवेल. टोपली आली की पैसे घेणारी कंपनी मध्ये येते आणि ती दर व्यवहारामागे शेकडा दोन रुपयांच्या आसपास कापते, वर जीएसटी.

वर्डप्रेस चांगलं आहे, २००३ पासून चालू आहे आणि जगभर वापरतात. सॉफ्टवेअर फुकट, पण जागा विकत घ्यावी लागते, आणि ते वेळच्या वेळी अद्ययावत करावं लागतं, नाहीतर चोर शिरतात. गटात कुणाची लेक-सून त्यातलं शिकलेली असेल आणि गावातच राहणार असेल, तर जरूर घ्या. विक्ससारख्यांचं फुकट खातं असतं, पण त्यावर त्यांची जाहिरात राहते आणि आपलं डोमेन जोडायला पैसे भरावे लागतात. शॉपिफायचं दर महिन्याचं भाडं आहे. महिन्याला शंभर-दोनशे ऑर्डरी झाल्या की त्याचा विचार करू.

कुणी पॅकेज विकायला आला तर त्याला विचारा, "तेलाचा भाव वाढला, पापडाचा दर आम्हाला आजच बदलायचा आहे. आम्ही स्वतः बदलू शकतो का? दाखवा करून." दर बदलाचे वेगळे पैसे मागत असेल तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. पत्त्याच्या आधी जे छोटं कुलूप दिसायचं, म्हणजे सुरक्षित जोडणी, तिचे कुणी हजारो मागत असेल तर तेही देऊ नका, ती फुकट मिळते.

मजकुराबद्दल एक सांगते. डीटीपीवाल्याकडचं पत्रक फोटो म्हणून चिकटवू नका. फोटोतली अक्षरं शोधणाऱ्याला सहज सापडत नाहीत. श्रीलिपीत केलेला मजकूर तसाच उचलून टाकला तर पानावर भलतंच काही उमटतं. मोबाइलवर बोलून का होईना, मराठी नव्याने टाइप करा. वजन, भाव, किती दिवस टिकतं, कुरिअरचा खर्च कुणाचा, आणि अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक, एवढं तरी हवंच.

आणि हे सगळं गटाच्या वहीत आलं पाहिजे. बँकेत आपण दोघींच्या सह्या ठेवतो, तसे पासवर्ड दोघींकडे असू द्या. मासिक बैठकीत ठराव करा, डोमेन कोणत्या कंपनीकडे, कोणत्या ईमेलवर, नूतनीकरणाची तारीख कोणती. पासवर्ड मात्र इतिवृत्तात लिहू नका, बंद पाकिटात कपाटात ठेवा. पदाधिकारी बदलल्या की चाव्यांबरोबर ते पाकीटही द्यायचं आणि त्याच दिवशी पासवर्ड बदलायचा. एकदा ऑर्डरी सुरू झाल्या की "पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका" असे फोनही येतील. पैसे घ्यायला पिन लागत नाही. असा फोन सरळ ठेवून द्या.

ज्या गटांची वेबसाइट आधीच आहे, त्यांनी या आठवड्यात फक्त एवढं शोधा, डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे. दुसऱ्याच्या नावावर निघालं तर भांडू नका, खातं बदलून घेता येतं, त्याच्याकडून मागून घ्या. पुढच्या भागात खिडकीच्या उजेडात चटणीचा फोटो कसा काढायचा ते बघू. नमस्कार.