धारेस जाताना
(समाजातील युवक-युवतींचे लोकनृत्य-पथक धार येथे जाण्यापूर्वी नागपूर येथे केलेले भाषण)



आपल्या पोवार समाजातील मुलामुलींचे एक पथक संक्रांतीनंतर माळव्यात धार येथे जाणार आहे, तेथे गढकालिकेचे दर्शन घेणार आहे आणि पूर्वजांच्या भूमीवर लोकनृत्य सादर करणार आहे, ही वार्ता आपणां सर्वांस ठाऊकच आहे. या उपक्रमाचे आम्ही मनःपूर्वक अभिनंदन करतो. निघण्यापूर्वी समाजाच्या थोरवीविषयी चार शब्द सांगावेत, असा आम्हांस आग्रह झाला. थोरवी सांगणारे वक्ते पुष्कळ आहेत आणि त्यांची वाणी आमच्याहून गोड आहे. म्हणून आम्ही एका साध्या प्रश्नापुरतेच बोलणार आहोत. प्रश्न असा, की धारेहून काय आणावे याचा विचार सर्वांनीच केला. धारेस काय न्यावे याचा विचार कोणी केला काय?

हा प्रश्न आमच्या मनात मुलींनीच उपस्थित केला. तालमीस आरंभ करताना त्यांनी विचारले, "गुरुजी, आपले नृत्य कोणते?" या साध्या प्रश्नाने मोठी माणसे गोंधळून गेली. कोणी म्हणाले, आपण राजपूत, तेव्हा राजस्थानचे घूमर बसवा. कोणी म्हणाले, माळव्यात जायचे तर माळव्यातील स्त्रियांचे मटकी नृत्य शिकून घ्या, यजमान संतुष्ट होतील. कोणी तर मोबाइलवरचे एक झगमगीत गाणे दाखविले. ही सर्व नृत्ये सुंदर आहेत, त्यांची निंदा आम्ही करीत नाही. परंतु एकाही सूचनेत 'आपले' असे काही नव्हते, ही गोष्ट लक्षात घ्यावी. नृत्य कोणते, हा प्रश्न वस्तुतः आपण कोण, हाच प्रश्न आहे.

आपली परंपरा काय सांगते, ते थोडक्यात पाहू. धार ही परमारांची राजधानी. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे भोजराजाने राज्य केले. 'समरांगणसूत्रधार' हा वास्तुशास्त्रावरील आणि 'सरस्वतीकंठाभरण' हा काव्यशास्त्रावरील ग्रंथ त्याच्या नावावर आहे. भोजपूरचे अपुरे राहिलेले प्रचंड शिवमंदिर आजही उभे आहे. पुढे १३०५ साली माळवा दिल्लीच्या सुलतानाकडे गेला. आपल्या परंपरेप्रमाणे आपले पूर्वज माळव्यातून निघून प्रथम रामटेकजवळच्या नगरधन येथे येऊन राहिले. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातही नगरधनचा हा वृत्तांत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या कटकच्या स्वारीत पोवारांनी कामगिरी केली व त्याबद्दल त्यांस वैनगंगेच्या खोऱ्यात पडीक जमिनी मिळाल्या, असेही तेथे नमूद आहे. त्या पडीक जमिनी लागवडीस आणण्यातच आपल्या अनेक पिढ्या खपल्या.

आता धारेकडे पाहा. आपण निघून आल्यावर ती नगरी काही आपली वाट पाहत थांबली नाही. तेथे सुलतान झाले. अठराव्या शतकात मराठा पवार सरदारांचे राज्य आले. १९४८ साली ते संस्थान मध्यभारतात विलीन झाले. आज धारेच्या रस्त्यात तुम्हांस भेटणारा मनुष्य तुमचे स्वागत करील, चहा पाजील, परंतु तुमचे आडनाव ऐकून 'अरे, हे आपलेच परत आले' असे म्हणेलच, अशी अपेक्षा धरून जाऊ नका. आणखी एक गंमत सांगतो. भोजाचा पिता सिंधुराज याच्या दरबारी पद्मगुप्त नावाचा कवी होता. त्याच्या 'नवसाहसांकचरित' या काव्यात परमारांचा मूळपुरुष अबूच्या पर्वतावरील अग्निकुंडातून निघाल्याची कथा आहे. म्हणजे आपण धारेकडे बोट दाखवावे, तर धारेचे राजे अबूकडे बोट दाखवीत होते! मूळ शोधीत गेले म्हणजे ते असे मागे मागे सरकत जाते. म्हणून मुळाचा आदर अवश्य करावा, पण त्याच्या शोधात हातातील झाड वाळू देऊ नये.

हातातील झाड ते कोणते? माळव्याची जमीन काळी, गव्हाची. वैनगंगेचे खोरे धानाचे. माळव्यातून आलेल्या माणसांनी येथे येऊन बांध्या घातल्या, बोड्या खोदल्या, तलावांचे पाणी पाटाने खेळविले, आणि धान पिकविण्यात ते इतके निष्णात झाले, की रसेलसारख्या परक्या अधिकाऱ्यासही त्याची नोंद घ्यावी लागली. तलवार घेऊन आलेल्यांनी नांगर हाती धरला, यात आम्हांस कमीपणा वाटत नाही. आमच्या मते समाजाच्या इतिहासातील हाच पराक्रम मोठा. आणि त्या चिखलात जी गाणी उगवली, ती कोणत्या भूमीची म्हणावीत? आषाढ-श्रावणात रोवणीच्या वेळी गुडघाभर चिखलात ओळीने उभ्या राहिलेल्या आयाबाया गात आल्या. लग्नघरी मांडव पडला, हळद लागली, लेक सासरी निघाली, की गात आल्या. ती गाणी धारेहून आणलेली नाहीत. ती गोंदिया, भंडारा, बालाघाट आणि सिवनीकडील खेड्यांत जन्मली. पूर्वजांची भूमी माळवा असेल. पण आपल्या गाण्यांची जन्मभूमी वैनगंगा आहे.

आणि ही गाणी ज्या बोलीत आहेत, ती पोवारी बोली आज संकटात आहे. याचे कारण कोणाचा द्वेष नव्हे, तर नकाशा. १९५६ पर्यंत भंडारा, बालाघाट आणि सिवनी एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी आपले नागपूर होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. भंडारा मुंबई राज्यात आला, पुढे महाराष्ट्रात. १९९९ मध्ये त्यातूनच गोंदिया जिल्हा निघाला. बालाघाट आणि सिवनी मध्यप्रदेशात राहिले. एका आजीची नातवंडे दोन राज्यांत विभागली गेली. अलीकडच्यांनी शाळेत मराठी शिकली, पलीकडच्यांनी हिंदी. दोन्ही भाषा थोर आहेत. आम्ही स्वतः आयुष्यभर मराठीच शिकविली. परंतु पोवारी कोणत्याच फळ्यावर लिहिली गेली नाही. नागपुरास नोकरीधंद्यानिमित्त आलेल्या कुटुंबांत तर ती पाहुणे आले म्हणजे बोलावयाची आणि शेजारी आले म्हणजे लपवावयाची गोष्ट झाली. २००१ च्या जनगणनेत पवारी अथवा पोवारी ही आपली मातृभाषा आहे असे सांगणारे सव्वाचार लाखांच्या वर होते, त्यांत बैतूलकडील पवारी बोलणारेही आले. २०११ मध्ये तोच आकडा सव्वातीन लाखांच्या आसपास उतरला. दहा वर्षांत एक लाख माणसांनी घराचे दार आतून लावून घेतले, असेच म्हणावे लागेल.

असा प्रसंग केवळ आपल्यावरच आला आहे असे नाही. अमेरिकेत आणि कॅनडात जाऊन राहिलेल्या ग्रीक, आर्मेनियन, युक्रेनी लोकांच्या चर्चना जोडून तरुणांची लोकनृत्य-मंडळे असतात. पूर्वजांचा देश न पाहिलेली मुले तेथील फेर शिकतात. पण आपणांस अधिक जवळचे उदाहरण बेने इस्रायल समाजाचे आहे. हे ज्यू लोक शतकानुशतके कुलाबा जिल्ह्यात, अलिबागच्या परिसरात राहिले, तेलाचे घाणे चालविले, शनिवारी काम बंद ठेवीत म्हणून 'शनिवार तेली' म्हणविले गेले. १९४८ साली इस्रायल हे राष्ट्र स्थापन झाले आणि त्यांतील बहुसंख्य लोक हळूहळू तेथे गेले. दोन सहस्र वर्षे प्रार्थनेत ज्या भूमीचे नाव घेतले, ती त्यांस मिळाली. मग त्यांनी मराठी टाकून दिली काय? नाही. त्यांनी इस्रायलमध्ये 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक काढले. पूर्वजांच्या भूमीवर पाऊल ठेवल्यावर त्यांस कळले, की आपण कोकणाचेही आहोत. धारेच्या वेशीवर तुम्हांसही असेच काही कळावे, अशी आमची इच्छा आहे.

आता आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. ती काहींस रुचणार नाही. आपल्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, दंडार होते, खडी गंमत होते. काही तरुण म्हणतात, दंडार हेच 'पोवारांचे प्राचीन नृत्य' म्हणून सादर करू. मित्रहो, असे म्हणू नका. दंडार झाडीपट्टीची आहे. तीत गोंड आहे, गोवारी आहे, ढिवर आहे, महार आहे, कुणबी आहे; आपणही आहो. ज्या शेजाऱ्यांबरोबर तीनशे वर्षे धान पेरले, त्यांची नावे पुसून त्यांचा ठेका आपल्या नावावर चढविणे हे क्षत्रियासही शोभत नाही आणि शेतकऱ्यासही शोभत नाही. दंडार अवश्य करा. पण रंगमंचावर उभे राहून स्पष्ट सांगा, की हे आमच्या झाडीपट्टीचे नृत्य आहे आणि आम्ही ते शेजाऱ्यांसह शिकलो. इतक्याने आपली प्रतिष्ठा उणावत असेल, तर ती प्रतिष्ठा मुळातच पोकळ होती असे समजावे.

काही घरांतून आणखी एक आक्षेप आला आहे: आपल्या मुलींनी परगावी, परक्यांसमोर नाचावे काय? या आक्षेपामागील काळजी आम्ही जाणतो आणि तिचा अनादर करीत नाही. परंतु विचारतो, की रोवणीच्या बांधीत, भर रस्त्यालगत, आपल्या माता गात होत्या, तेव्हा कोणास लाज वाटली काय? समाजाची गाणी स्त्रियांनी जपली. पुरुषांनी वंशावळी जपल्या. आज गाणी घेऊन जाण्याची वेळ आली असता मुलींस घरी बसवून केवळ वंशावळ धारेस पाठविणे, हे न्यायाचे नव्हे. मुलींबरोबर दोन प्रौढ भगिनी जाव्यात, निवासाची व्यवस्था आधी पाहून घ्यावी. ही व्यवस्था करणे आपले कर्तव्य आहे. मुलींची वाट अडविणे हे कर्तव्य नव्हे.

शेवटी करावयाचे काय, ते सांगतो, कारण उपदेश करून व्यवस्था न सांगणे शिक्षकास शोभत नाही. हाती दोन महिने आहेत. पहिली गोष्ट, पथकातील प्रत्येकाने आपल्या आजीपाशी, आजी नसेल तर आजीच्या वयाच्या कोणापाशी बसून बिह्याचे एक व रोवणीचे एक गाणे लिहून घ्यावे. मोबाइल आहेच, आवाजही साठवावा. गाणे कोणाकडून, कोणत्या गावी मिळाले, ते वहीत लिहावे. दुसरी गोष्ट, नृत्य त्या गाण्यावरच बसवावे. रोवणीची हालचाल तुम्ही पाहिली असेल: वाकणे, रोप चिखलात खोचणे, एक पाऊल मागे सरकणे. आयाबाया मागे सरकत जातात आणि त्यांच्या पुढची बांधी हिरवी होत जाते. याहून चांगला पदन्यास कोणता शोधणार? तिसरी गोष्ट, धारेची गाडी धरण्यापूर्वी एक दिवस नागपुरातच घालवावा. आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, ज्यास आपण अजबबंगला म्हणतो, परमार राजा नरवर्मा याच्या काळची संस्कृत प्रशस्ती कोरलेली शिळा जपलेली आहे. तिच्यावर विक्रम संवत् ११६१, म्हणजे इसवी सन ११०४ च्या सुमाराचा काळ आहे. यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगावीही परमार जगद्देवाचा लेख मिळाला आहे. पाचशे किलोमीटरांहून दूर जे पाहावयास जाता, त्याची एक खूण घराशेजारी आहे, हे ठाऊक असावे. तेथून नगरधनला जावे, किल्ला पाहावा आणि मग पश्चिमेचा रस्ता धरावा.

चौथी आणि अखेरची गोष्ट. धारेस रंगमंचावर उभे राहाल, तेव्हा आरंभीची चार वाक्ये पोवारीत बोला. 'मोरो' आणि 'आमरो' म्हणताना अडखळलात तरी चालेल. समोरच्यांस सारे कळले नाही तरी चालेल. माळवी बोलणाऱ्यास पुष्कळसे कळेलही. भोजराजाच्या नगरीत विद्वानांचा मान होता असे आपण अभिमानाने सांगतो. त्या नगरीत आपली बोली चोरून ठेवावी लागली, तर तो अभिमान कशाचा?

मुलांनो, गढकालिकेपुढे नारळ ठेवा, तेथील मातीस नमस्कार करा. परंतु रिकाम्या हाताने जाऊ नका. पूर्वज माळव्यातून निघाले, तेव्हा त्यांनी काय नेले ते कोणी लिहून ठेवले नाही. त्यांची लेकरे परत येताना काय घेऊन आली, ते मात्र आपल्या हाती आहे. त्यांना सांगा, आम्ही धान आणले, गाणे आणले, आणि शेजाऱ्यांचा ठेकाही त्यांचे नाव सांगून आणला.

तुमचा प्रवास सुखाचा होवो.