बास्केटबॉलच्या दोन संघांची तुलना



कोणताहि मोठा सामना जवळ आला, म्हणजे चार माणसें एकत्र बसतात आणि दोन्ही पक्षांच्या गड्यांची यादी पुढें मांडून कोण जिंकेल याचें भाकित करूं लागतात. क्रिकेटच्या बाबतींत हा उद्योग आपल्याकडे घरोघर चालतो. कबड्डीच्या मैदानांवरहि तो चालत आलेला आहे. तुमचा चढाईचा गडी तयारीचा, तर आमचा पकडींत वाकबगार. अशी जोडीला जोडी लावावयाची, आणि ज्याच्या बाजूला अधिक वजनदार नांवें पडतील त्याच्या पदरांत विजय टाकून मोकळें व्हावयाचें, ही आपली सर्वांची रीत. ही रीत कितपत विश्वसनीय आहे, याचा आज थोडा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं मीं जें उदाहरण निवडलें आहे, तें अमेरिकेंतील बास्केटबॉलचें व १९६९ सालचें आहे. त्या वर्षीं तेथील व्यावसायिक संघांच्या अंतिम मालिकेंत लॉस एंजेलिसचा लेकर्स संघ आणि बोस्टनचा सेल्टिक्स संघ समोरासमोर उभे ठाकले होते.

ज्यांना या खेळाची ओळख नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. जेम्स नेस्मिथ नांवाच्या एका शिक्षकानें मॅसॅच्युसेट्स संस्थानांत, स्प्रिंगफील्ड येथें, १८९१ च्या डिसेंबरांत हा खेळ शोधून काढला. हिंवाळ्यांत विद्यार्थ्यांना बाहेर खेळतां येईना, म्हणून व्यायामशाळेच्या सज्जाला त्यानें पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याची चढाओढ लावून दिली. पुढें टोपलीची कडी झाली व प्रत्येक बाजूस पांच गडी ठरले. कडीखालीं उंच असा सेंटर, बाजूंना दोन फॉरवर्ड, आणि मागून चेंडू खेळवीत आणणारे दोन गार्ड. गडी हवे तितक्यांदा बदलतां येतात. चेंडू ताब्यांत आल्यापासून २४ सेकंदांच्या आंत तो कडीकडे फेंकलाच पाहिजे, असा नियम या व्यावसायिक खेळांत १९५४ पासून आहे. हा नियम श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढील विवेचनाचा पुष्कळसा भार त्याच्यावर आहे. अंतिम मालिका सात सामन्यांची असते. जो आधीं चार जिंकील तो विजयी.

आतां आपण २३ एप्रिल १९६९ या दिवशीं, म्हणजे मालिकेचा पहिला सामना ज्या दिवशीं झाला त्या दिवशीं जाऊन बसूं आणि दोन्ही याद्या हातांत घेऊं.

लेकर्सच्या यादींत प्रथम दृष्टीस पडतो तो विल्ट चेंबरलेन. उंची ७ फूट १ इंच, शरीर बलदंड, वय ३२. १९६२ सालीं एकाच सामन्यांत १०० गुण मिळविणारा पुरुष तो हाच. १९६६, १९६७ व १९६८ अशीं सलग तीन वर्षें सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याला मिळाला होता. १९६८ च्या उन्हाळ्यांत लेकर्सनीं आपले तीन गडी देऊन त्याला फिलाडेल्फियाहून आणला. त्याच्या जोडीला एल्जिन बेलर हा फॉरवर्ड. वय ३४, पण हवेंत तरंगत राहून चेंडू टाकण्याचें त्याचें कौशल्य अजून मावळलें नव्हतें. तिसरा जेरी वेस्ट, वय ३०. गार्डच्या जागीं त्याच्या तोडीचा दुसरा गडी मोठ्या मुष्किलीनें सांपडला असता. त्या हंगामांत दर सामन्यास सरासरीनें वेस्टनें २५.९, बेलरनें २४.८ व चेंबरलेननें २०.५ गुण मिळविले होते. तिघांची बेरीज सत्तर गुणांच्या वर जाते! उरलेल्या दोन जागांसाठीं जॉनी एगन, कीथ एरिक्सन, मेल कौंट्स अशी कामसू मंडळी होती. संघानें ५५ सामने जिंकले होते, २७ हरले होते आणि पश्चिम विभागांत पहिला क्रमांक पटकावला होता. सातवा सामना खेळण्याची पाळी आलीच, तर तोहि त्यांच्याच घरच्या मैदानावर व्हावयाचा होता.

सेल्टिक्सची यादी पाहिली, तर पूर्वपुण्याई दांडगी, पण अंगांतील रग ओसरत चाललेली, असें चित्र दिसतें. मागील बारा वर्षांत दहा वेळां अजिंक्यपद या संघाकडे गेलें होतें, आणि त्यांतील सहा वेळां अंतिम फेरींत हरलेला संघ हा लेकर्सचाच होता. परंतु या वर्षीं ४८ सामने जिंकून व ३४ हरून तो पूर्व विभागांत चौथा आला; अंतिम स्पर्धेंत प्रवेश मिळण्यास तीच शेवटची पायरी होती. बिल रसेल हा त्यांचा सेंटर, वय ३५. १९६६ पासून संघाचा शिक्षकहि तोच होता, आणि या संघटनेंत अशा पदावर बसलेला तो पहिला कृष्णवर्णीय गृहस्थ होय. सॅम जोन्स हाहि ३५ वर्षांचा. हें त्याचें अखेरचें वर्ष. बेली हॉवेल ३२ वर्षांचा. ऐन उमेदींतला म्हणावा असा मोठा गडी एकच, जॉन हॅव्हलिचेक, वय २९. न दमतां सामनाभर धांवत राहणें हीच त्याची ख्याति. गुणांची सरासरी काढली, तर हॅव्हलिचेक २१.६, हॉवेल १९.७, जोन्स १६.३, लॅरी सीगफ्रीड १४.२, डॉन नेल्सन ११.६ आणि टॉम सँडर्स ११.२. रसेलचे स्वतःचे गुण अवघे ९.९!

आतां जोड्या लावा. चेंबरलेनपुढें रसेल ठेवला, तर उंची, बळ व गुण या तिन्ही बाबतींत चेंबरलेन सरस. वेस्टपुढें सेल्टिक्सचा कोणताहि गार्ड ठेवा, वेस्टच सरस. बेलर आणि हॅव्हलिचेक यांत फार तर बरोबरी मानावी. म्हणजे तीन जोड्यांपैकीं दोन लेकर्सच्या आणि तिसरी बरोबरीची. सेल्टिक्सच्या बाजूला उरतें तें इतकेंच, कीं चौथ्या, पांचव्या, सहाव्या व सातव्या गड्यांत त्यांचा माणूस थोडथोडा वरचढ होता. अशा हिशोबानें त्या वेळच्या बहुतेक जाणत्या लोकांनीं लेकर्सच्या बाजूनें कौल दिला, तर त्यांना दोष देतां येणार नाहीं.

परंतु या हिशोबांत एक गोम आहे. अंकगणिताच्या पुस्तकांत हौदाचीं व नळांचीं उदाहरणें असतात. एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा सहा तासांत. दोन्ही सोडले तर किती वेळांत भरेल? तेथें बेरीज चालते, कारण प्रत्येक नळाला स्वतःचें पाणी आहे. बास्केटबॉलमध्यें चेंडू एकच. २४ सेकंदांत तो फेंकला पाहिजे, आणि मग तो बहुधा दुसऱ्या बाजूकडे जातो. त्यामुळें एका सामन्यांत एका संघाच्या वांट्यास येणाऱ्या संधि मोजक्या, आणि दोन्ही संघांना जवळजवळ सारख्याच. तीन थोर नेमबाज एकत्र आणले म्हणून संधि तिप्पट होत नाहींत. त्या तिघांना एकाच शिध्यांत जेवावें लागतें. इतकेंच नव्हे, तर बेलरची सारी करामत कडीकडे मुसंडी मारण्यांत, आणि चेंबरलेनची बैठक नेमकी कडीपाशीं. एकाच्या वाटेंत दुसऱ्याचा ठिय्या. याचा पुरावा आंकड्यांतच आहे. चेंबरलेन येण्यापूर्वींच्या वर्षीं लेकर्सनीं ५२ सामने जिंकले होते. तो आल्यावर ५५. एवढा मोठा गडी घरीं आणून पदरांत पडले ते तीन सामने!

संरक्षणाचें तसें नाहीं. एकानें प्रतिपक्ष्याला अडविलें म्हणून दुसऱ्याचें अडविणें कमी होत नाहीं. उलट पाठीशीं भरंवशाचा राखणदार असेल, तर पुढच्या चौघांना धीटपणें चेंडूवर झडप घालतां येते. रसेलचें मोल येथें होतें. समोरच्यानें फेंकलेला चेंडू हवेंतच अडवून तो आपल्या गड्याच्या हातीं जाईल असा हळूच वळवावयाचा, ही त्याची हातोटी. आणि गंमत अशी, कीं असे अडविलेले चेंडू अधिकृतपणें मोजण्याची प्रथा त्या संघटनेंत १९७३ पर्यंत नव्हतीच. म्हणजे ज्या विषयांत रसेल पहिला, त्या विषयाचा रकाना प्रगतिपुस्तकांत छापलेलाच नव्हता. केवळ ९.९ हा आंकडा पाहून त्याची किंमत ठरविणें हा त्याच्यावर अन्यायच होय.

आणखी एक बाब यादींत दिसत नाहीं, ती शिक्षकाची. लेकर्सचे शिक्षक व्हॅन ब्रेडा कोल्फ आणि चेंबरलेन यांचें वर्षभर पटलें नव्हतें. आणि ही कुरबुर कोणापासून लपलेली नव्हती. सेल्टिक्समध्यें शिक्षक व सेंटर एकच असल्यामुळें तसला वाद संभवतच नव्हता.

मालिका कशी झाली, हें आतां थोडक्यांत सांगतों. पहिल्या सामन्यांत वेस्टनें ५३ गुण केले व लेकर्स १२०–११८ असे जिंकले. दुसऱ्यांत त्यानें ४१ केले आणि ११८–११२ असा तोहि सामना जिंकला. यादी करणाऱ्यांचें म्हणणें खरें ठरत होतें. मग रसेलनें डाव बदलला आणि वेस्टवर एकाऐवजीं दोन गडी धाडण्यास आरंभ केला. बोस्टनला तिसरा सामना सेल्टिक्सनीं १११–१०५ असा घेतला. चौथ्यांत अवघे कांहीं सेकंद उरले असतां लेकर्स एका गुणानें पुढें होते; तोंच एमेट ब्रायंटनें चेंडू हिसकावला, आणि अखेरच्या क्षणीं तोल गेलेल्या स्थितींत सॅम जोन्सनें फेंकलेला चेंडू कडीवर आपटून आंत पडला. ८९–८८! तो बाहेर पडता, तर मालिका ३–१ होऊन लेकर्सच्या खिशांत गेली असती. पांचवा लेकर्सनीं व सहावा सेल्टिक्सनीं जिंकला. पांचव्यांत वेस्टच्या मांडीचा स्नायु दुखावला होता.

सातवा सामना ५ मे रोजीं लॉस एंजेलिसजवळच्या 'फोरम'मध्यें झाला. लेकर्सचे मालक जॅक केंट कुक यांनीं विजयोत्सवासाठीं छताला हजारों फुगे बांधून ठेवले होते. शेवटच्या चतुर्थांशांत सेल्टिक्सची आघाडी एकदां १७ गुणांपर्यंत गेली. मग लेकर्स मागून चढत आले. पांच-सहा मिनिटें उरलीं असतां गुडघा दुखावल्यानें चेंबरलेन बाहेर बसला व त्याच्या जागीं कौंट्स आला. अंतर एका गुणावर आलें. चेंबरलेननें परत जाण्याची इच्छा दर्शविली. शिक्षकांनीं त्याला पाठविलें नाहीं. याच सुमारास डॉन नेल्सनच्या हातीं निसटता चेंडू लागला. त्यानें फेंकला, तो कडीच्या मागच्या बाजूवर आदळून उंच उडाला आणि सरळ आंत आला. सेल्टिक्स १०८–१०६ असे जिंकले. फुगे छतालाच राहिले.

यावरून कोणी असा सिद्धान्त काढील, कीं मोठीं नांवें निरुपयोगी आणि एकोपा तेवढा खरा. मला इतकें म्हणावयाचें नाहीं. सात सामन्यांचा निकाल दोन गुणांवर आणि चेंडूच्या दोन उसळ्यांवर लागला. जोन्सचा व नेल्सनचा चेंडू चार अंगुळें इकडे तिकडे पडता, तर आज याच मालिकेचा दाखला देऊन कोणी उलट सिद्धान्त सांगत बसलें असतें. मला म्हणावयाचें आहे तें एवढेंच, कीं जोडीला जोडी लावून जो संघ सहज जिंकेल असें दिसत होतें, तो सहज जिंकण्याजोगा नव्हता. आणि याचीं कारणें सामन्यापूर्वींहि शोधणाऱ्याला सांपडण्यासारखीं होतीं. संघ तोलतांना तीन प्रश्न विचारावे. एकाचें कौशल्य दुसऱ्याला पूरक आहे कीं त्याची वाट अडवितें? आपल्या हातांतील आंकडे कोणता गुण मोजतात आणि कोणता मोजीतच नाहींत? आणि अडचणीच्या वेळीं कोणाचा शब्द चालणार, हें त्या संघांत ठरलेलें आहे काय?

जातां जातां एका गड्याविषयीं बोललें पाहिजे. दुखऱ्या पायानें खेळून जेरी वेस्टनें त्या शेवटच्या सामन्यांत ४२ गुण केले, १३ वेळां कडीवरून परतलेला चेंडू हस्तगत केला आणि १२ वेळां सहकाऱ्यांना गुण मिळवून दिले. अंतिम मालिकेंतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा मान त्याच वर्षीं सुरू झाला, आणि तो पराभूत संघाच्या वेस्टला देण्यांत आला. पुढच्या पन्नास वर्षांत हरलेल्या बाजूच्या दुसऱ्या कोणालाहि तो मिळाला नाहीं. रसेल त्याच वर्षीं, तेरा वर्षांत अकरा अजिंक्यपदें मिळवून, निवृत्त झाला. वेस्टला आपलें एकमेव अजिंक्यपद १९७२ सालीं लाभलें. रसेल २०२२ मध्यें व वेस्ट २०२४ मध्यें निवर्तले. दोघांपैकीं श्रेष्ठ कोण, असें विद्यार्थी मला विचारतात, तेव्हां मी त्यांना विचारतों, कीं कोणत्या कामासाठीं? ज्याला चेंडू टाकणारा हवा, त्यानें वेस्टला निवडावें. ज्याला पांचांचा एक करणारा हवा, त्यानें रसेलला. तुलना करूं नये असें नाहीं. ती कशासाठीं करावयाची आहे, हें आधीं ठरवावें, म्हणजे कोणावर अन्याय होत नाहीं. आपल्या घरांतील मुलांची तुलना करतांनाहि हें ध्यानांत ठेवल्यास बरें.