रंगाखालचे काम



या व्यासपीठावर भारदस्त विषयांची परंपरा आहे. त्या पंक्तीला आज आम्ही खेळातले सैनिक घेऊन बसलो आहोत. ‘रेझिनच्या मोठ्या युद्धप्रतिमांची जुळणी आणि रंगकाम’ हा विषय कळवला, तेव्हा चालकांनी तो दोनदा विचारून घेतला. पण दिवाळीत अंगणात किल्ला करून ज्याने मातीचे मावळे मांडले आहेत, त्याला हा विषय अगदीच परका वाटू नये.

टेबलावरच्या या लढाईचा उगम मात्र खेळात नाही. १८२४ साली प्रशियाच्या सैन्यातील राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने नकाशावर ठोकळे मांडून युद्धाचा अभ्यास करण्याची पद्धत सिद्ध केली. ती सेनाधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होती. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून तीच कल्पना दिवाणखान्यातल्या खेळण्यांवर आणली. १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा भविष्यकाळातील काल्पनिक युद्धांचा खेळ निघाला. त्याच्या निर्मात्यांचे ठाणे आज इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे आहे. या खेळात साधा सैनिक बोटाच्या दोन पेरांएवढा असतो. पण त्याच मापाने केलेले ‘टायटन’ नावाचे यंत्रदैत्य दीड फुटाच्याही वर जातात.

एवढी मोठी प्रतिमा रेझिनची का? कारण हिशोबाचे आहे. साध्या प्लास्टिकला पोलादी साचा लागतो, आणि त्याचा खर्च हजारो नग खपले तरच निघतो. थोडे नग काढायचे तर सिलिकॉन रबराचा साचा स्वस्त पडतो. त्यात दोन द्रव एकत्र करून ओतले की पॉलियुरेथेन रेझीन थोड्याच वेळात घट्ट होते. मात्र रबराचा साचा लवकर झिजतो, ओतकामात हवेचे बुडबुडे राहतात, लांब भाग वाकतात. आणि तुकडा सुटून यावा म्हणून साच्याला लावलेल्या द्रव्याचा तेलकट थर तुकड्यावर राहतो.

या तेलकट थराने आम्हाला पहिला धडा शिकवला. आमच्या भाच्याला एक दोन पायांचे चालते यंत्र आणले होते. तो म्हणाला, “मामा, आधी धुवायचं असतं म्हणे.” आम्ही म्हणालो, “अरे, कोरं करकरीत आहे, धुवायचं काय?” पोरगा गप्प बसला. दोन महिने संध्याकाळी बसून आम्ही दोघांनी ते जोडले, रंगवले. शेवटी पट्टा रंगवण्यासाठी चिकटवलेली कागदी पट्टी ओढली, तो तिच्याबरोबर खालचा रंगही केळीच्या सालीसारखा सोलून आला. तो पुसायला प्रतिमा उचलली, तर हात खांद्यापासून निखळून फरशीवर पडला. भाचा एक शब्द बोलला नाही. तो बोलला असता तर बरे झाले असते!

मग आम्ही सारे उकलले आणि मुळापासून सुरुवात केली. तुकडे कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या दातांच्या ब्रशाने घासले आणि पुरते वाळवले. वाकलेला भाग गरम, पण उकळत्या नव्हे, अशा पाण्यात बुडवून सरळ केला आणि तसाच धरून थंड पाण्यात घातला. प्लास्टिकचा डिंक येथे चालत नाही. तो प्लास्टिक विरघळवून सांधतो, रेझीन त्याला दाद देत नाही. सुपरग्लू लागतो, पण त्याचा सांधा ठिसूळ. सरळ ओढ तो सोसतो, आडवा धक्का सोसत नाही. म्हणून वजनदार सांध्यात पितळी तार घालावी. समोरासमोर भोके जुळायची कशी? एका भोकाच्या तोंडाशी रंगाचा ठिपका द्यावा आणि दुसरा भाग त्यावर दाबावा. जेथे ठिपका उमटेल तेथे ड्रिल लावावे. उरलेल्या फटी एपॉक्सी लांबीने भराव्यात. आपल्या नळदुरुस्तीवाल्याच्या हातातली एम-सील याच जातीची.

येथे एक गोष्ट निक्षून सांगायची आहे. रेझिन घासताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. तोंडाला धुळीचा चांगला मास्क लावावा, पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासावे, आणि पडलेला भुगा झाडू नये. ओल्या फडक्याने टिपावा. स्वयंपाकघरात हे काम करू नये. छंद अंगाशी येऊ देण्यात शहाणपण नाही.

आता रंग. अस्तराचा हात दिल्यावर पातळ केलेल्या रंगाचे दोन-तीन हात द्यावेत. एकच जाड हात दिला की कोरीव काम बुजते. खाचांत गडद पाणीरंग सोडावा, कडांना उजळ रेघ द्यावी. मोठ्या प्रतिमेची खरी अडचण मात्र वेगळी आहे. भलामोठा सपाट भाग एकाच रंगात ठेवला तर यंत्रदैत्य प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो. अवाढव्यपणा उंचीने दिसत नाही, तुलनेने दिसतो. घोट्याजवळची माणसाच्या मापाची शिडी, एखादा चिमुकला दरवाजा, खिळ्यांच्या रांगा नेमक्या रंगवल्या, पावलांना चिखल आणि सांध्यांतून ओघळलेला गंज दाखवला, की नजर आपोआप वर चढत जाते. शेवटचे वॉर्निश दमट हवेत मारू नये. ते दुधाळ होते.

दुसऱ्या खेपेला आम्हाला चार महिने लागले. आज ती प्रतिमा भाच्याच्या कपाटावर उभी आहे. पाहणारे रंगाची तारीफ करतात. खांद्यातली पितळी तार कोणाला दिसत नाही. ती आम्हा दोघांनाच ठाऊक आहे, आणि प्रतिमा उभी आहे ती तिच्या जोरावर. जे झाकले जाणार आहे ते आधी नीट करावे, एवढेच आमचे सांगणे.

खऱ्या युद्धापेक्षा हे खेळातले युद्ध कितीतरी बरे, असे वेल्सने त्या पुस्तकात बजावले होते. पुढच्याच वर्षी युरोपात पहिले महायुद्ध पेटले. आमच्या सैनिकाचा हात तुटला, तर तार घालून तो पुन्हा जोडता येतो. ही सोय रणांगणावर नाही, याची आठवण हातात ब्रश असताना राहिली, तर या खेळाने आपले काम केले असे आम्ही मानतो.