तलफ येते, थोडा वेळ थांबते, आणि जाते

(सातपुड्यातील आरोग्य कार्यकर्ते आणि मंडळीतील वडीलजन यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर माझ्या नावापुढे "व्यसनमुक्ती" असा विषय छापला आहे. एवढा मोठा शब्द मला पेलणार नाही. दारूवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि ते चांगलं बोलतात. मी फक्त बिडीवर बोलणार आहे, कारण ती मी अठरा वर्षं ओढली आहे. ईश्वरविज्ञानाची पदविका करताना वसतिगृहाच्या गच्चीवर सिगारेटने सुरुवात झाली. इकडे डोंगरात कामाला आलो तेव्हा सिगारेट महाग पडू लागली, म्हणून बिडीवर आलो. सोडली तेव्हा दिवसाला दीड बंडल लागत होतं. त्याला आता आठ वर्षं झाली.

आठ वर्षं झाली, तरी गेल्या आठवड्यात धडगावच्या रस्त्यावर जीपची वाट बघत उभा असताना पहिला पाऊस आला, शेजारच्या माणसाने हाताचा आडोसा करून काडी ओढली, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलं. मला आज बोलायचंय ते याच्याबद्दल. सोडायची कशी हे सांगणारे भेटतात. सोडल्यानंतर जे मागे राहतं त्याबद्दल आपल्याकडे फारसं कोणी बोलत नाही, आणि माणूस तिथेच एकटा पडतो.

आधी एक गंमत सांगतो. एका पाड्यावर एक क्षयरोगाचे आजोबा होते. गोळ्या आशाताई देत, मी आठवड्याला विचारपूस करायला जायचो. दर वेळी सांगायचो, "बाबा, बिडी सोडा, फुप्फुसं आधीच आजारी आहेत." एकदा ते शांतपणे म्हणाले, "सर, तुमच्या खिशात काय आहे?" पांढरा सदरा, त्यातून बंडलाचा लाल कागद स्पष्ट दिसत होता. सगळे हसले, मीही हसलो. आणि पाड्याची चढण उतरल्यावर पहिल्या वळणावर थांबून एक पेटवली. लाज वाटली म्हणूनच पेटवली, असं आज कळतं.

त्यानंतर मी ठरवलं. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत उभं राहून साक्ष दिली की प्रभूने माझी बिडी सोडवली. तेव्हा बिडी सोडून तीन दिवस झाले होते. फक्त तीन. मंडळीने टाळ्या वाजवल्या. माझ्या पाठोपाठ तरुण संघातला एक मुलगा उठला आणि त्यानेही बिडी सोडल्याचं सांगितलं. त्याच्या आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

मे महिन्यात माझी पुन्हा सुरू झाली. मोठं कारण काहीच नव्हतं. एका अंत्यविधीला गेलो होतो. माती दिल्यावर पुरुष मंडळी कबरस्तानाबाहेर उभी राहिली, कोणीतरी बंडल पुढे केलं, आणि माझा हात गेला. मी विचारसुद्धा केला नाही. पुढचे चौदा महिने मी लपून ओढली. खिशात वेलदोडा, पिशवीत साबणाची वडी, घरी जायच्या आधी कडुनिंबाची काडी. घरच्यांना सगळं माहीत होतं. मंडळीत कोणी विचारलं नाही, कारण मी साक्ष दिली होती. साक्ष दिलेल्या माणसाला कोण विचारणार?

तो मुलगा ऊसतोडीला गुजरातेत गेला. कोयत्याचं काम, रात्री गाडी भरायची, थंडी; तिथे त्याचीही सुरू झाली. परत आल्यावर कोणीतरी पाहिलं. रविवारी उपासनेनंतर दोघा वडीलजनांनी त्याला सर्वांसमोर बोल लावले. देवासमोर खोटं बोललास, म्हणाले. मी पुढच्या ओळीत बसलो होतो. वेलदोडा तोंडात होता. मी एक शब्द बोललो नाही. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि नंतर कित्येक महिने आला नाही.

हे आज मी ज्यांच्यासमोर सांगतोय त्यांच्यातले काही त्या दिवशी तिथे होते. मी कोणाला दोष द्यायला उभा नाही. मीच गप्प राहिलो होतो.

आता थोडं शरीराचं सांगतो, कारण ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. बिडीतलं द्रव्य म्हणजे निकोटिन. झुरका घेतला की काही सेकंदांत ते मेंदूपर्यंत पोचतं, म्हणून मेंदू त्याला इतका लवकर सरावतो. बिडी साधी, पानात गुंडाळलेली, म्हणून सिगारेटपेक्षा सौम्य असं आपले लोक म्हणतात. ते खरं नाही. टेंभुर्णीच्या पानातून हवा कमी जाते, बिडी सारखी विझते, म्हणून ती जोरात आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. धूर खोल जातो. आणि हा श्रीमंतांचा रोगही नाही. 2016-17 च्या देशव्यापी सर्वेक्षणात शंभरातले सुमारे 29 प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते, आणि ओढणाऱ्यांत सिगारेटवाल्यांपेक्षा बिडीवाले जास्त होते.

बिडी सोडली की काही तासांत शरीर मागायला लागतं. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यांत वाईट. चिडचिड, झोप नाही, डोकं जड, लक्ष लागत नाही, भूक वाढते, पोट साफ होत नाही. "बिडीशिवाय सकाळी होत नाही" असं दादा लोक म्हणतात, ते अगदी खोटं नाही. पण दोन-चार आठवड्यांत शरीर आपलं आपण वळणावर येतं. तोवर पाणी, भाज्या, कोमट काहीतरी. काहींना सुरुवातीला खोकला वाढल्यासारखा वाटतो. मात्र दोन आठवडे खोकला राहिला तर बिडी सोडल्यामुळे आहे म्हणून बसू नका, थुंकी तपासून घ्या. आशाताई, हे तुम्ही प्रत्येक घरात सांगा.

चहाचीही एक गोष्ट आहे, ती मला फार उशिरा कळली. बिडी ओढणाऱ्याच्या शरीरातून चहातलं उत्तेजक द्रव्य लवकर बाहेर पडतं. बिडी थांबली की ते जास्त वेळ राहतं. म्हणजे तोच पाच कप चहा आता जास्त चढतो, हात थरथरतात, झोप उडते, आणि आपण समजतो की बिडी नाही म्हणून होतंय. मी पाचाचे दोन कप केले आणि निम्मी तगमग तिथेच गेली. सोडणाऱ्या माणसाला प्रेमाने सारखा चहा पाजू नका, एवढंच महिला मंडळाला सांगणं.

ही शरीराची तलफ महिनाभरात बरीच ओसरते. मग राहते ती दुसरी. ती जागेची असते, वेळेची असते, माणसांची असते. भाकरी खाऊन हात धुतला की. जीपची वाट बघताना. पंचांची बैठक लांबली की. पहिला पाऊस. कबरस्तानाबाहेर. पोट काही मागत नसतं, रक्त काही मागत नसतं, तरी हात खिशाकडे जातो. मी स्वप्नातसुद्धा बिडी ओढायचो आणि जागा झाल्यावर अपराध्यासारखा पांघरुणात बसायचो. तुम्हाला असं स्वप्न पडलं तर घाबरू नका, सोडणाऱ्या पुष्कळांना पडतं. त्यात पाप नाही आणि तुम्ही काही ओढलेलंही नाही.

गणना या पुस्तकाच्या 11 व्या अध्यायातली गोष्ट तुम्हाला माहीत आहे. इस्राएल लोक मिसरातून सुटले, समुद्र ओलांडला, आणि रानात बसून त्यांना काय आठवलं? तिथले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण. पाठीवरचे फटके आठवले नाहीत. मी वर्गात ही गोष्ट शिकलो तेव्हा त्यांना कृतघ्न म्हणालो होतो. आता इतकं घाईने म्हणत नाही. गुलामीची चव जिभेवर राहते. म्हणून ते मिसरातच होते असं कोणी म्हणत नाही. ते बाहेर पडलेले होते, चालत होते, आणि त्यांना कांदा आठवत होता.

चौदा महिन्यांनी मी त्या मुलाच्या घरी गेलो. खरं म्हणजे त्याला परत उपासनेला बोलवायला गेलो होतो. ओट्यावर बसलो, पाणी प्यायलो, आणि माझ्या तोंडून निघालं की मीही ओढतो, त्या दिवशीही ओढत होतो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मग सर, तुम्ही का येता?" म्हणजे मी तोंड दाखवायला का येतो, आणि त्याने का येऊ नये. मला उत्तर देता आलं नाही. मी एवढंच म्हणालो की मला परत सोडायची आहे आणि एकट्याने जमत नाही. तो म्हणाला, "मलाही."

या वेळी आम्ही साक्षबिक्ष काही दिली नाही. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या समुपदेशक बाईंनी आम्हाला निकोटिनच्या गोळ्या दिल्या, चघळायच्या. त्या चिंगमसारख्या सारख्या चघळायच्या नसतात. थोडं चावायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, ओसरलं की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. चहा पिऊन लगेच घेतली तर तिचा गुण कमी येतो, पंधरा मिनिटं जाऊ द्यायची. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ज्याला बिडी लागते त्याला 4 मिलिग्रॅमची, नाहीतर 2 ची. हृदयाचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं, प्रार्थना करणाऱ्या माणसाला गोळी कशाला? मी त्याला म्हटलं, तू मलेरियाला काय घेतोस?

जागेच्या तलफेला मात्र गोळी पुरत नाही. तिथे मला तीनच गोष्टी उपयोगी पडल्या. पहिली, घड्याळ. एक तलफ साधारण पाच मिनिटांत उतरायला लागते, फार तर दहा. तेवढं उभं राहायचं, किंवा चालायला लागायचं. दुसरी, काडेपेटी जवळ ठेवायची नाही. बिडी मागितली तर कोणीही देतो, पण काडीसुद्धा मागावी लागली की मधे एक क्षण मिळतो. तिसरी, फोन. तो मुलगा मला फोन करायचा, मी त्याला करायचो. "लागलीय," एवढंच बोलायचो. मग पिकाचं, पावसाचं बोलायचं. खिशात भाजलेले चणे असायचे, अजून असतात.

एक अडचण फक्त आपल्या भागातली आहे. पाड्यावर बिडी पुढे करणं म्हणजे पाहुण्याला "ये, बस" म्हणणं आहे. ती नाकारली तर माणसाला नाकारल्यासारखं होतं. मी सुरुवातीला "नको, वाईट असते" म्हणायचो आणि समोरच्याचा चेहरा उतरायचा. आता बिडी पुढे आली की तो हात दोन्ही हातांत घेतो आणि पाणी मागतो. पाणी मागितलं की घर खूश होतं. लग्नात पंचांपुढे बिडीच्या ताटाऐवजी गूळ-शेंगदाणे ठेवावेत असं मी एका गावात सुचवलं होतं. हसले सगळे. पण दोन लग्नांत झालंय तसं. आणि बिडी सोडून तंबाखू-चुना धरू नका. भगिनींनो, मिसरीही तीच. द्रव्य एकच आहे, वाट वेगळी.

तो मुलगा त्यानंतर दोनदा घसरला. एकदा ऊसतोडीलाच, एकदा मूल दगावलं तेव्हा. दोन्ही वेळा त्याने मला त्याच दिवशी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी आम्ही परत पहिला दिवस धरला. वडीलजनांना माझी हात जोडून विनंती आहे: तीन दिवसांच्या माणसाला साक्षीला उभं करू नका. त्याला वर्ष जाऊ द्या, आणि मधे कोणी घसरला तर त्याने कोणाला सांगावं ते एक नाव मंडळीत ठरवून ठेवा. माझं ठेवलंत तरी चालेल.

दारावर कागद लावला आहे, त्यावर सरकारचा फुकट नंबर आहे, 1800-11-2356. बिडी-सिगारेटच्या पाकिटांवरही छापतात, पण पाकीट विकत घ्यायला नको म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलाय. आता चहा आहे. ज्यांना बोलायचंय त्यांनी आंब्याखाली थांबा. चहाच्या पातेल्याशेजारी जो दादा कप भरतोय त्यालाही विचारू शकता. त्याला मी विचारूनच हे सगळं सांगितलं, आणि तो म्हणाला, सांगा, पण नाव घेऊ नका, आणि बोलणं लांबवू नका, चहा निवेल.